वरच्या मजल्यावरचा साक्षीदार

धाकट्या वकिलांच्या घराला स्वतःचं दार नव्हतं. खोल्या दोन होत्या, स्वयंपाकघर होतं, कपडे वाळत घालायला गच्ची होती. पण खाली उतरणारा जिना थेट थोरल्यांच्या ऑफिसात उघडायचा. दूध आणायचं असो की दवाखान्यात जायचं असो, आधी थोरल्यांच्या टेबलासमोरून जायचं. पक्षकार बसलेले असले तर त्यांच्या गुडघ्यांना वळसा घालून जायचं. थोरले मंत्री झाल्यावर जिन्याच्या तळाशी एक पोलीस आला. माणूस भला होता, पण रोज भाजीची पिशवी उघडून आत बघायचा आणि म्हणायचा, "आज पण कोबीच?" धाकट्यांची बायको वर येऊन म्हणायची, "आपण काय खाणार हे आपल्या आधी सरकारला कळतं."

थोरले आणि धाकटे हे भाऊ नव्हेत, साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. धाकटीसाठी स्थळ बघताना सासऱ्यांनी एकच अट घातली होती: मुलगा वकील चालेल, पण फार चालणारा नको. चालणारा एक जावई त्यांच्या पदरी आधीच होता आणि तेवढा त्यांना पुरला होता. धाकटे या अटीत सहज बसले. लग्नानंतर थोरल्यांनी त्यांना सरकारी वकिलांच्या कचेरीत चिकटवून दिलं आणि "जागा मिळेपर्यंत" वरच्या खोल्या दिल्या. ते "जागा मिळेपर्यंत" धाकट्यांची मुलगी कॉलेजात गेली तरी संपलं नव्हतं.

थोरल्यांना हाक काय मारायची, हा प्रश्नही धाकट्यांनी कधी सोडवला नाही. कचेरीत साहेब म्हणायचे, म्हणून घरीही साहेब. ताई, म्हणजे थोरल्यांची बायको, एकदा हसून म्हणाली होती, "अहो भाऊजी, घरात तरी नातं लावा." धाकटे म्हणाले, "लावतो, साहेबांना विचारून."

हे ते गमतीत म्हणाले नव्हते. सरकारी वकिलाला कोर्टात स्वतःचं मत नसतं. त्याच्या मागे खातं असतं आणि खात्याचं मत फायलीत असतं. म्हणून न्यायाधीशांनी अडचणीचं काही विचारलं की उठायचं, मान किंचित झुकवायची आणि म्हणायचं, "सूचना घेऊन सांगतो." अर्थ इतकाच की वर विचारतो, तोवर पुढची तारीख द्या. सगळेच सरकारी वकील हे म्हणतात. धाकट्यांच्या तोंडी मात्र ते इतकं मुरलं होतं की हॉटेलात वेटरने साखर कमी की जास्त असं विचारलं, तरी सोबतचे वकील त्यांच्याकडे बघून वाट पाहायचे. वकिलांच्या खोलीत त्यांना 'सूचनाराव' म्हणत. ते रागावत नसत. रागावायलाही कुणाला तरी विचारावं लागलं असतं.

थोरल्यांची सारी कीर्ती याच्या नेमकी उलट, एका 'नाही'वर उभी होती. तरुणपणी तेही सरकारी वकील होते. तेव्हाच्या एका मंत्र्याच्या पुतण्यावर मारहाणीचा खटला चालू होता, आणि तो मागे घेण्याचा अर्ज द्या असं त्यांना वरून सांगण्यात आलं. कायदा इथे जरा लाजाळू आहे. खटला मागे घ्यावा असं सरकार फक्त सुचवू शकतं. ठरवायचं वकिलाने, स्वतःच्या बुद्धीने, आणि अर्जात तसं लिहायचं. थोरले भर कोर्टात उभे राहिले आणि म्हणाले, "सरकारची सूचना मला मिळाली आहे. माझी बुद्धी मात्र अजून माझ्याकडेच आहे." दुसऱ्या दिवशी हे वाक्य सगळ्या वर्तमानपत्रांत होतं. तिसऱ्या दिवशी राजीनामा. पुढच्या निवडणुकीत ते त्या मंत्र्याच्याच जागेवरून निवडून आले.

त्यानंतरची त्यांची कारकीर्द कुणाला विचाराल त्यावर अवलंबून आहे. समर्थक त्यांना कायद्याचा वाघ म्हणत आणि विरोधक पळवाट. त्यांनी तीनदा पक्ष बदलला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ते जागेवरच उभे होते, पक्ष खालून सरकले. एका चौकशी समितीने त्यांच्यावर ठपका ठेवला, दुसरीने तो उचलला, आणि दुसरी समिती कुणी नेमली असं पत्रकारांनी विचारल्यावर ते म्हणाले, "कायद्याने." कायदामंत्री झाल्यावर त्यांच्या काळात जितके खटले मागे घेतले गेले तितके आधी कधीच नव्हते. पण त्यांनी एकाही वकिलाला कधी तसं सांगितलं नाही. ते वकिलाला बोलवायचे, चहा पाजायचे आणि म्हणायचे, "मी काही सांगणार नाही. तुमचा स्वतंत्र विचार काय झालाय, तेवढं ऐकायला बोलावलं."

धाकट्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आणि ती लांबच्या एका लहानशा गावातलं कोर्ट होती. कामानिमित्त ते तिथे एकदा जाऊन आले होते. एकच कोर्टरूम, बाहेर एक झाड, मागे सरकारी वकिलाचा बैठा बंगला. त्या बंगल्याला समोरून एक दार होतं आणि मागून एक. धाकट्यांनी परत आल्यावर बायकोला कोर्टाबद्दल काहीच सांगितलं नाही. दारांबद्दल बराच वेळ सांगितलं. तेव्हापासून ते दरवर्षी बदलीचा अर्ज द्यायचे, आणि तो दरवर्षी खालच्या मजल्यावर अडायचा. थोरले म्हणायचे, "तिथे जाऊन काय करणार? इथे सगळं आहे की." ते खरंच होतं. इथे सगळं होतं, आणि त्या सगळ्याच्या मधोमध थोरल्यांचं टेबल होतं.

मग थोरल्यांचं नाव राज्यातल्या सर्वांत मोठ्या खुर्चीसाठी निघालं, आणि त्यात एक जुना खटला आडवा आला.

पूर्वी, थोरले विरोधी पक्षात असताना, नळाच्या पाण्याला वास येतो म्हणून ते मोर्चा घेऊन पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेले होते. तिथल्या इंजिनिअरने शांतपणे "लेखी तक्रार द्या" म्हटलं. थोरल्यांनी त्याच्या कानाखाली वाजवली. इंजिनिअरला त्या डाव्या कानाने पुढे कधीच नीट ऐकू आलं नाही. खटला उभा राहिला आणि तारखा खात पडून राहिला. साक्षीदारांपैकी एकजण परदेशी गेला, एकाला काही आठवेना, एक पुढच्या निवडणुकीत थोरल्यांचाच कार्यकर्ता झाला.

एका सकाळी धाकटे कोर्टात जायला जिना उतरले, तेव्हा खोलीत दुसरं कुणी नव्हतं. थोरले म्हणाले, "बसा." या खोलीतून धाकटे हजारदा गेले असतील, पण बसण्याचा प्रसंग क्वचितच.

"तो पाण्याचा खटला तुमच्याच कोर्टात आहे ना?"

"हो, साहेब."

"मी काही सांगणार नाही."

"नाही, साहेब."

"पुरावा पुरेसा नाही असं माझ्या कानावर आलंय. तुमचा स्वतंत्र विचार काय झालाय?"

धाकट्यांची नजर थोरल्यांच्या चष्म्यावर गेली. कारण त्या दिवशी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ते थोरल्यांच्या मागेच उभे होते. हात उगारण्याआधी थोरल्यांनी चष्मा काढला होता, घडी घातली होती आणि मागे न बघता हात मागे केला होता. आणि धाकट्यांनी सवयीने तो चष्मा घेतला होता. पुरावा पुरेसा नाही असं ज्याने लिहून द्यायचं, तोच पुरावा होता. पोलिसांनी त्यांचा जबाब घेतला नव्हता. थोरल्यांच्या मागे उभा असलेला माणूस कुणाला दिसत नसे.

थोरल्यांनी खण उघडला. "तुमचा बदलीचा अर्ज बघितला. दोन दारं आहेत म्हणे त्या बंगल्याला." ताईने सांगितलं असणार. "या अर्जाचं झालं की त्या अर्जाचं बघू."

धाकट्यांनी वर जाऊन बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती.

"सही केली तर जायला मिळेल?" तिने विचारलं.

"म्हणाले तसं."

"आणि नाही केली तर?"

"तर इथेच."

"म्हणजे खोटं बोललात तर सुटका आणि खरं बोललात तर भाऊजींच्याच घरात." ती थोडा वेळ कणकेला बुक्क्या मारत राहिली. "कायदा तुम्ही शिकलात ना? बरोबर वाटतं का हे तुम्हाला?"

"कायद्यात बसतं."

"बसेल हो. आपण बसतोय तसं." मग मान वर न करता म्हणाली, "करा सही. दार बघू आधी. लाज काय, तिथे जाऊनही वाटेल."

धाकट्यांनी सही केली. अर्ज थोरल्यांच्याच टाइपिस्टने तयार केला होता, आणि 'मी सर्व कागदपत्रे पाहून स्वतंत्रपणे विचार केला आहे' हे वाक्य त्यात आधीच होतं. धाकट्यांनी फक्त एक स्वल्पविराम घातला. तेवढाच त्यांचा विचार.

कोर्टात न्यायाधीशबाई नव्या होत्या. बदलून आलेल्या, कुणाच्या नात्यातल्या नाहीत, कुणाला घाबरायचं याची माहिती अजून मिळालेली नाही. सुनावणीत काय विचारतात ते सर्वांना ठाऊक असतं: सही तुमची का, निर्णय तुमचा का. धाकट्यांनी "होय मॅडम, मी स्वतंत्रपणे विचार केला आहे" हे अंघोळ करताना घोकलं, रिक्षात घोकलं, आणि रिक्षावाल्याने "काय म्हणालात?" असं विचारल्यावर त्यालाही सांगितलं.

"अर्जावर सही तुमची?" बाईंनी विचारलं.

"होय, मॅडम."

"निर्णय तुमचा स्वतःचा?"

"होय मॅडम, मी स्वतंत्रपणे विचार केला आहे."

इथे संपायला हवं होतं. पण बाईंनी पेन खाली ठेवलं, आणि खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, "काय विचार केलात?"

हा प्रश्न कुणी कधी विचारत नाही. धाकट्यांनी डोक्यात शोधलं, तिथे काही नव्हतं. मान किंचित झुकली. तोंडाने आपलं आपण काम केलं.

"मॅडम, सूचना घेऊन सांगतो."

मागच्या बाकावर कुणीतरी खोकला, मग कळलं की तो खोकला नाही. हळूहळू सगळी कोर्टरूम हसायला लागली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "कोणाकडून?"

याचं उत्तर सगळ्या शहराला माहीत होतं.

अर्ज फेटाळला गेला. खटला लगेच चालवावा, आणि सरकारने वकील बदलू नये, बदलायचाच झाला तर कारण कोर्टाला लेखी कळवावं, असाही हुकूम झाला. जो माणूस खटला मागे घ्यायला आला होता, त्यालाच तो आता चालवायचा होता. वकिलांच्या खोलीत धाकट्यांना लोकांनी पाठीवर थापा मारल्या. "काय हो सूचनाराव, काय डाव टाकलात!" कुणाचाच विश्वास बसेना की डाव वगैरे काही नव्हता, जीभ घसरली होती. एक म्हातारे वकील म्हणाले, "ते 'नाही' म्हणून मोठे झाले, तुम्ही 'विचारून सांगतो' म्हणून होणार."

संध्याकाळी ते ऑफिसातून भिंतीला घासत जिन्याकडे निघाले. थोरले निकाल वाचत होते. वर न बघता म्हणाले, "माझ्या जुन्या खटल्याचा आधार घेतलाय बाईंनी. ते बुद्धीचं वाक्यही घातलंय." त्यांनी पान उलटलं. "अर्धंच घातलंय. पूर्ण घ्यायला हवं होतं."

"साहेब, माझी चूक..."

"जेवून घ्या," थोरले म्हणाले. एवढंच. धाकट्यांना ओरडा बसला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या आठवड्यात साक्षीची तयारी करायला इंजिनिअर कचेरीत आला. आता निवृत्त झालेला, खुर्ची तिरकी करून उजवा कान पुढे धरणारा. धाकट्यांनी फाईल उघडली, आणि तो त्यांच्याकडे नुसता बघत राहिला.

"तुम्ही ते चष्म्यावाले ना?"

धाकटे दाराकडे बघत काहीतरी पुटपुटले.

"मोठ्याने बोला, या बाजूने ऐकू येत नाही," इंजिनिअर म्हणाला. "मी पोलिसांना सांगितलं होतं, मागे एक चष्मा धरणारा होता म्हणून. ते म्हणाले, चष्मा धरणं हा गुन्हा नाही. म्हटलं, अहो, गुन्हा नाही, पण माणूस होता ना तिथे?"

"होता," धाकटे म्हणाले.

"अं?"

"होता!" हे इतक्या मोठ्याने झालं की बाहेरचा शिपाई आत डोकावला.

सरकारी वकील म्हणून खटला चालवायचा तर इंजिनिअरला विचारावंच लागणार: तिथे आणखी कोण होतं? आणि तो बोट दाखवणार. धाकट्यांनी कायद्याची पुस्तकं चाळली. एकच वाट होती. जो साक्षीदार आहे त्याला तोच खटला चालवता येत नाही. म्हणजे "मी तिथे होतो" असं कोर्टाला सांगितलं की या खटल्यातून सुटका, लगेच, सन्मानाने. फक्त काळा कोट काढून पिंजऱ्यात उभं राहायचं. धाकट्यांनी पुष्कळ विचार केला, आणि तो कुणाला विचारून नव्हे. पण हे नंतर त्यांच्या लक्षात आलं.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "ताईचं काय?"

"ताईंना वाईट वाटेल."

"ताई माझ्याशी बोलायची बंद होईल. एकाच गच्चीवर कपडे वाळत घालतो आम्ही, कुठल्या तोंडाने घालू?" मग, "चष्मा खरंच घडी घालून दिला होता?"

"हो."

"घरी पण तसंच करतात. आधी चष्मा काढतात, मग ओरडतात. ताई चष्मा बघूनच उठून जाते."

धाकट्यांनी कोर्टाला 'मी तिथे होतो' असं कळवलं, खटला दुसऱ्या वकिलाकडे गेला, आणि साक्ष झाली. धाकट्यांनी सांगितलं: चष्मा काढला, घडी घातली, मला दिला, मग मारलं. थोरल्यांचे वकील उलटतपासणीला उभे राहिले.

"तुम्ही राहता कुठे?"

"आरोपींच्या घरात. वर."

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून."

"त्यांनी कधी तुम्हाला जा म्हटलं?"

"नाही. मीच जातो म्हणतो, ते जाऊ देत नाहीत."

साक्षीदार आरोपीचा शत्रू आहे असं दाखवायची वकिलांची तयारी होती, आणि हा तर आरोपीचं अन्न खाऊन बोलत होता. ते खाली बसले.

थोरल्यांना दोषी ठरवण्यात आलं. शिक्षा: कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे त्या दिवशीचं कामकाज संपेपर्यंत बाकावर बसून राहायचं. थोरले बसले. पेपर वाचला, एका साक्षीदाराला पाणी दिलं, पाच वाजता उठले आणि बाहेर जमलेल्या पत्रकारांसमोर उभे राहिले. धाकटे गर्दीच्या कडेने सटकत होते, तेवढ्यात थोरल्यांनी त्यांचा दंड धरून त्यांना शेजारी उभं केलं.

"हे माझे साडू," थोरले म्हणाले. "माझ्याविरुद्ध खरी साक्ष यांनी दिली. आज संध्याकाळी ते माझ्याच घरी जेवतील. ज्या माणसाच्या घरात असा साक्षीदार राहू शकतो, त्याच्या घरात न्याय राहतो. वरच्या मजल्यावर!" कॅमेरे चमकले. खूप दिवसांनी थोरल्यांना एक वाक्य सापडलं होतं.

महिन्याभरात मोठी खुर्ची त्यांचीच झाली. ते वाक्य प्रत्येक सभेत होतं. विरोधकांना त्यावर काय बोलावं कळेना, कारण ते खरं होतं.

धाकट्यांनी बदलीचा अर्ज पुन्हा दिला. या वेळी थोरल्यांनी त्यांना बसवून घेतलं, चहाही दिला.

"तुम्ही गेलात तर लोक काय म्हणतील? हाकललं म्हणतील. सूड घेतला म्हणतील. तुमच्या साक्षीची किंमत राहील का?"

"राहील, साहेब."

"माझी राहणार नाही." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि धाकटे नकळत अर्धे उठले. पण थोरले फक्त डोळे चोळत होते. "तुम्हाला काय कमी आहे ते सांगा. गच्चीवर पत्रे घालून देतो. पण जायचं नाव काढू नका. माझ्या हयातीत तरी नाही."

पत्रे घातले गेले. ताई तीन महिने बोलली नाही. मग पाहुण्यांना गच्ची दाखवायची वेळ आल्यावर बोलायला लागली. कारण आता पाहुणे येऊ लागले होते. परगावचे आमदार, लॉ कॉलेजची मुलं, एकदा परदेशी शिष्टमंडळ. खालून हाक यायची, "अहो भाऊजी, जरा येता का?" आणि धाकटे शर्ट बदलून जिना उतरायचे. लोक उभे राहायचे. कुणीतरी विचारायचं, "तुम्हाला भीती नाही वाटली?" आणि धाकट्यांनी काही बोलण्याआधी थोरले सांगायचे, "यांना? छे."

एका रविवारी धाकटे जेवून आडवे झाले होते. खालून हाक आली. बायको म्हणाली, "आज नका जाऊ. सांगा, बरं नाही."

धाकट्यांनी उशीवरून मान उचलून थोडा विचार केला.

"तसं सांगितलं," ते म्हणाले, "तर विचारपूस करायला सगळे वर येतील."

बायकोने खोलीभर नजर फिरवली. दोरीवरचे कपडे, न धुतलेली ताटं, कोपऱ्यात मुलीच्या पुस्तकांचा ढीग. मग तिने खुंटीवरचा शर्ट काढून त्यांच्याकडे फेकला.

"मग जा बाई," ती म्हणाली, "आणि बटणं नीट लावा."